सातव्या ग्रीनची हवा

८ ऑक्टोबर
आले एकदाची! मिनेसोटाचं हे उत्तर टोक, नऊ होलचं छोटं गोल्फ मैदान, कडेला तळं, आणि गवताची सगळी जबाबदारी माझी. क्लब सांभाळणाऱ्या ग्लेनिसबाईंनी आल्या आल्या जंगली तांदळाचं सूप पाजलं. हाताखाली ताइस्तो आहे, सत्तरीचा, तीस हिवाळे इथंच काढलेला. बर्फाआधी शेवटची कापणी, बुरशीचं औषध, वाळूचा थर, पाइपातलं पाणी काढणं, मग ताडपत्र्या. महिना पुरे.

१९ ऑक्टोबर
आठ ग्रीन्सचे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळींचे, पाइप मोकळे झाले. कॉम्प्रेसरनं हवा सोडली की फवाऱ्यातून आधी पाणी, मग धुकं, मग कोरडी फुस्स. सातवं मात्र अडून बसलंय. तासभर हवा गेली, बाहेर काही नाही. ताइस्तो म्हणतो, तो पाइप आम्ही भरलेलाच ठेवतो. थंडीत फुटतो, वसंतात नवा टाकतो. दरवर्षी! याला काम म्हणायचं? मी बोलले, तर म्हणाला, शिकलेल्या बाईला गवत घाबरतं का ते बघू.

२४ ऑक्टोबर
आज पुन्हा तीन तास वाया. जोडण्या तपासल्या, खणून पाहिलं, कुठं गळती नाही. मग एवढी हवा जाते कुठं? डोकं फिरलं. मोठा कॉम्प्रेसर मागवला. ताइस्तोनं हात लावायला साफ नकार दिला. टोपी काढून हळूच म्हणाला,
"पोरी, पाणी आहे तोवर ते बुडालेलं आहे. त्याला हवा देऊ नकोस."
म्हातारचळ. मीच जोडला.

२५ ऑक्टोबर
दुपारी पाणी आलं. काळं, कोमट. मग हवा. जिंकले!
कॉम्प्रेसर बंद केला तरी हवा येतच राहिली. मग थांबली, आणि फवारा उलटा ओढू लागला. एक वाळकं पान त्याच्या तोंडाला चिकटून बसलं.

३१ ऑक्टोबर
सातव्यावर वाळू पसरली की तासाभरात भेगा. तीनदा पसरली. ताडपत्रीचे खुंटे उपटून येतात. ग्रीन मधोमध वीतभर वर येतं, खाली बसतं. मिनिटाला चारदा. पाणी परत सोडायचं, तर तळ्यावरचा पंप मीच उतरवून दुरुस्तीला धाडलाय. ताइस्तो रिकामी पिंपं गोळा करतोय.

६ नोव्हेंबर
ताइस्तो सकाळीच ट्रॅक्टरवर पिंपं घेऊन सातव्याकडे गेला, एकटाच पाणी ओतायला. दहाला मी पोचले. ट्रॅक्टर चालू. पिंपं भरलेली. ताडपत्री मध्ये खोल गेलेली, त्याच्या मापाची.
पोलीस तळ्यात शोधताहेत. मी ग्रीन दाखवलं. त्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

१० नोव्हेंबर
तळं गोठलं. सातव्यावर ओतायला भरलेल्या बादल्याही— ग्रीन आता मिनिटाला अकरा.

१२ नोव्हेंबर, दुपार
शेडमध्ये आहे. कॉम्प्रेसर सोडवला, तर सातव्याकडे जाणाऱ्या मुख्य पाइपाचं तोंड उघडं राहिलं. कागद तिकडे उडाले. चिंध्या गेल्या. दार बाहेर उघडतं— ढकलते, हलत नाही. इथली हवा सगळी तिकडे. छातीतलीसुद्धा—
डावा तळवा पाइपावर दाबला. ओढ थांबली. पायानं दार ढकललं. उघडलं. बाहेर ऊन आहे.
हात निघत नाही.
मनगट आत—
कोणी तरी— दार उघडंय— कोपर आ