डब्यातले मटार आणि आईचं हिमोग्लोबिन

सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळी ७.
क्रांती आठ दिवसांसाठी हुपरीला माहेरी गेली. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. स्वयंपाक माझ्याकडे. आईचं हिमोग्लोबिन नऊ. डॉक्टर म्हणतात, भाज्या वाढवा. हातकणंगल्याहून धाकट्या वृषभचा फोन : "आईला हिकडं पाठीव. तुला जमायचं न्हाय."
जमेल. बी.एस्सी. आहे मी. आई कुठेही जाणार नाही.

दुपारी १.
ताज्या मटारची उसळ केली. आईच्या वाटीत अळी. शिजलेली. पांढरी.
क्रांती प्रत्येक शेंग उजेडात धरून निवडते, ते उगाच वाटायचं. जैनाच्या घरात, माझ्या हातून जीव गेला. प्रायश्चित्त म्हणून तीन दिवस मीठ बंद. आई एवढंच म्हणाली, "चष्मा लावत जा की रं."

मंगळवार, ३ फेब्रुवारी.
उपाय सापडला. डबाबंद मटार. मशीनने निवडलेले, अळीचा प्रश्नच नाही. तीन कंपन्यांचे चार-चार डबे आणले. तक्ता केला : प्रथिनं, लोह, तंतू, सोडियम. दुसरी कंपनी लोहात पुढे, पण ती आकडे पाणी निथळून देते, पहिली पाण्यासकट. तुलना न्याय्य कशी होणार? तक्ता फाडला. सगळे डबे निथळून वजन केले. नवा तक्ता.
बारा डबे उघडले गेले, हे मागाहून लक्षात आलं.

बुधवार, ४ फेब्रुवारी.
त्या पाण्याला ओल्या पायमोज्यांचा वास येतो. दाणा चिमटीत धरला की सालातून लगदा बाहेर. रंग शेवाळी. किळस आली, पण किळस हा पोषणमूल्यांचा निकष नव्हे. आईने तीन घास खाल्ले, उरलेलं मी. प्रगती.
शंका : डब्यातलं सोडियम म्हणजे मीठच का? नेटवर पाहिलं. मीठच. प्रायश्चित्त मोडलं. उद्यापासून पुन्हा पहिला दिवस, पण मटार सोडून.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.
आईचं जेवण सूर्यास्ताआधी. विश्वास बसावा म्हणून ताटाशी बसून लेबल मोठ्याने वाचलं. लोह, तंतू, सगळं. प्रामाणिकपणे पॅकिंगची तारीखही वाचली.
आईचा घास थांबला. "म्हंजे ह्ये शिजवलं कवा?"
म्हणालो, गेल्या मार्चात.
"सकाळचं सांजच्याला खात न्हाय मी. आन् तू मला वरसाचं शिळं घालाय लागलाईस व्हय?"
निर्जंतुकीकरण समजावलं. तिने घास ताटाबाहेर टाकला, चूळ भरली.
शिळं. बारा डब्यांच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी.
आईचा कडक उपवास. तीन दिवस शिळं पोटात गेलं म्हणून. पाणीसुद्धा एकदाच.

शनिवार, ७ फेब्रुवारी.
वृषभ गाडी घेऊन आला. रक्त तपासून घेतलं : साडेआठ. आई हवापालटासाठी हातकणंगल्याला गेली. जाताना म्हणाली, "जिनेंद्र, तू तरी कायतर ताजं खा बाबा."

रविवार, ८ फेब्रुवारी.
क्रांतीचा फोन. आई बरी आहे, असं सांगितलं. खरंच आहे ते. तिकडे आहे, एवढं सांगितलं नाही. हे असत्य ठरतं का?
फ्रीज उघडवत नाही. उरलेले मटार पातेल्यात घेऊन गल्लीतल्या जोतीरामच्या म्हशीला घालायला गेलो. तो म्हणाला, "सायेब, गाभण हाय ती. कायबी घालू नगासा." तरी पातेलं पुढे केलं.
म्हशीने हुंगलं आणि मान फिरवली. तिला तर मी लेबलही वाचून दाखवलं नव्हतं.