दादांच्या नावावरचा अपघात

छत्रपती संभाजीनगर,
१४ नोव्हेंबर २०२५

अभयसाहेब,

जय भीम. आम्ही इकडं ठीक आहोत. तुम्ही फर्दापुरात मजेत असालच. अजिंठ्याची लेणी बघायला लोक कुठून कुठून येतात, तुम्हाला तर मित्राच्या लॉजवर फुकट मुक्काम. मोबाइल बंद ठेवलात म्हणून हे पत्र. मावसभाऊ आकाश उद्या टॅक्सीत गिऱ्हाईक घेऊन तिकडं येतोय, त्याच्या हाती देते.

थंडी पडायला लागली. तीर्थरूप दादांचा खोकला तसाच आहे. दौलताबाद रोडला पेरूच्या टोपल्या लागल्यात.

बस झालं अहो-जाहो. तेवढी तुझी लायकी नाही.

दारू पिऊन गाडी चालवलीस म्हणून आरटीओनं तुझं लायसन निलंबित केलं, तेव्हा तू ओट्यावर बसून हसला होतास. "ताई, लायसन म्हंजे प्लास्टिकचा तुकडा. गाडी काय त्याच्यावर चालती का?" नाही चालत. पण साळूबाईचा पाय मोडायला तुझ्यासारखा एक दीडशहाणा पुरला.

साळूबाई कोण, हे तुला ठाऊक नसणार. पडेगावात रस्त्याच्या कडेला पेरू विकणारी बाई. जिच्या अंगावर तू भरदुपारी दादांची गाडी घातलीस, ती. नाव विचारायला तू थांबलासच कुठं?

तुझा फोन आला तेव्हा दादा माझ्याकडं जेवत होते. फोन स्पीकरवर होता, मी सगळं ऐकलं. "दादा, तुमचं लायसन चालू हाय. तुमीच चालवत होता म्हणा. मला आत टाकतील." दादांनी हातातला घास ताटात ठेवला आणि रिक्षा करून निघाले. लोक त्या बाईला उचलून घाटी दवाखान्यात न्यायच्या गडबडीत होते, म्हणून तुझं निभावलं. बापाच्या हातात किल्ली कोंबलीस आणि सिल्लोडच्या गाडीत जाऊन बसलास. पोलीस आले तेव्हा दादा हात जोडून म्हणाले, "साहेब, मीच होतो."

कोण म्हणालं हे? एसटीच्या स्टेअरिंगवर ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस. कन्नडच्या घाटात ब्रेक गेला तरी ज्यानं गाडी डोंगराला घासून थांबवली आणि एका प्रवाशाला खरचटू दिलं नाही. आता गल्लीतले लोक त्यांच्या तोंडावर म्हणतात, "कडुबाला दिसत नाय, तरी गाडीचा सोस सुटंना." दादा ऐकून घेतात. मी मध्ये बोलायला गेले की माझ्यावरच डोळे वटारतात.

मंगळवारी त्यांना घाटीत घेऊन गेले. माफी मागायची म्हणून त्यांनीच हट्ट धरला होता. साळूबाईच्या पायात सळई घातलीय. दादा तिच्या पायाशी वाकले तर ती म्हणाली, "तुमी नव्हता. मी पडल्या पडल्या बघितलं. गॉगलवाला पोरगा उतरला."

दादा तिच्या पायावरची चादर नीट करायला लागले.

"पोराला वाचवताय व्हय? वाचवा. उद्या त्यो दुसरीला उडवील. तिलाबी तुमीच उडवली म्हणा."

दादा तिथंच फरशीवर बसले, अभय. मला त्यांना उठवता येईना. वॉर्डातल्या दोघांनी धरून उभं केलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "ठाण्यावर घे."

फौजदार बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि नीट समजावून सांगितलं. लायसन निलंबित असताना गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दंडही. साळूबाईच्या पायाचा गुन्हा त्याहून वेगळा. विमा कंपनी हात वर करायला बघणार. आणि गाडीचे मालक म्हणून दादाही सुटत नाहीत. आधी खोटं सांगितलं, ते आणखी निराळं. बाई म्हणाल्या, "विचार करून सांगा बाबा, तुमच्यावरही गुन्हा लागेल."

"लागू द्या," दादा म्हणाले. "त्याचं लायसन गेलंय हे म्हाईत असून किल्ली खुंटीवर मीच ठेवत होतो."

जबाब वाचून घेतला आणि पूर्ण नावानिशी सही केली. आपल्या घरात ताठ कण्याचा पुरुष एकच आहे, आणि तो सत्तरीला टेकलाय.

बाईंनी तुझा ठावठिकाणा विचारला तेव्हा मात्र ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाप आहेत, नाही जमलं त्यांना.

मी सांगितला. लॉजच्या नावासकट.

आकाशच्या मागोमाग पोलीस येतील. पळायचं तर पळ, त्यात तू तरबेज आहेस. फक्त सापडलास की 'दादाच चालवत होते' असं परत म्हणू नकोस. उपयोगही नाही. त्या वेळी दादा माझ्या घरी ताटावर बसले होते, तुझा फोन मी कानानं ऐकला, हे सगळं मी जबाबात लिहून दिलंय. दादा म्हणतात, कोर्टात मी त्याच्या शेजारी उभा राहीन. मी साळूबाईच्या शेजारी असेन.

मोठ्या बहिणीनं पत्राखाली आशीर्वाद लिहायचे असतात. माझ्याकडं तुझ्यासाठी सध्या नाहीत. जबाबाखाली केली, तीच सही इथं करते.

करुणा कडुबा दाभाडे