तळघराची उंची पुरली तरी ते बुजवून मिळणेबाबत

प्रति,
मा. बांधकाम परवाना अधिकारी,
नगरपरिषद, सावरगव्हाण, जि. अकोला

विषय : फुले साठवण्याचे तळघर तातडीने बुजवण्याची परवानगी मिळणे.
संदर्भ : आपली नोटीस दि. ३ मार्च २०२५ (उंची साडेसहा फूट, महिनाभरात आठ फूट करावी, अन्यथा सील).

महोदय,

अर्जदार माणिकबाई गणोरकर, वय ६८, धंदा फुलांचा. वाटणीत वरचे घर थोरल्या शालिकरामला गेले, तळघर धाकट्या शेखरला. दीड फूट वर वाढवावे की खाली, हे नोटिशीत नव्हते. दोन्ही लेक हट्टाचे.

१) शेखरने छत उचलायला ट्रकचे जॅक लावले. वर शालिकरामच्या स्वयंपाकघराची फरशी तडकली. त्याने लोखंडी सब्बल घेऊन खाली उतरून भावाचे दोन दात पाडले. शेखरने घमेले मारून त्याची भुवई फोडली, सात टाके पडले. "मी मेलो तरी चालीन, पण छत हालू देत नाही तुले," असे शालिकराम शेजाऱ्यांदेखत बोलला.

२) मग शेखर तडकलेल्या छताला जॅकचा टेकू ठेवून जमीन खोदू लागला. शालिकरामने न्हाणीचे पाणी नळीने त्या खड्ड्यात सोडले. काळी माती पाणी प्याली की दगा देते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. शालिकरामला कळत होते का, हे विचारायची अर्जदाराची छाती होत नाही. १२ मार्चला कोपऱ्यातला जॅक रुतला आणि छताचा तुकडा शेखरच्या पायावर आला. अर्जदार धावली तेव्हा शालिकरामच तो तुकडा उचलत रडत होता, "शेखऱ्या, डोये उघड ना बे!"

३) शेखरचा पाय गुडघ्याखाली कापला. शालिकराम कोठडीत आहे. दुसऱ्या दिवशी आपले कर्मचारी श्री. नितेश टेप घेऊन आले. रक्त वाळायचे होते. आठ फूट एक इंच मोजून "निकष पूर्ण" असा शेरा मारून गेले. अर्जदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

४) काल दवाखान्यात शेखर म्हणाला, "सुट्टी होऊ दे, त्याले त्याच खड्ड्यात गाडतो." दोन दिवस रडून शालिकरामही पहिल्यासारखा झाला, "दुसराही पाय ठेवत नाही," असा त्याचा निरोप आहे. शेखरला शुक्रवारी सुट्टी, शनिवारी शालिकरामचा जामीन.

तरी गुरुवारच्या आत तळघर मुरमाने भरू द्यावे व चार मजूर द्यावेत. अर्जदाराने आज सकाळपासून एकटीने बावीस घमेली टाकली आहेत. हात उचलवत नाहीत.

आपली,
दोघांची आई
माणिकबाई सूर्यभान गणोरकर
दि. २४ मार्च २०२५

सोबत : नोटीस, शेऱ्याची प्रत, दवाखान्याचा कागद.