सांगणारी आणि लिहिणारा

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
रविवार

प्रिय उन्नती,

तुझ्या प्रबंधाची प्रस्तावना आणि पहिलं प्रकरण फोनवर ऐकल्यापासून चार दिवस मी एका जागी बसलेलो नाही. काल उगाच कळंबला जाऊन समुद्र बघून आलो. घरी लिफ्टची घरघर, वरच्यांचा मिक्सर, सगळं कानात घुसतंय. ऑफिसात माझ्या हाताखालचा भूपेश म्हणाला, काका, आज अ‍ॅग्रीमेंटवर तारीख तुम्ही चुकवलीत, तब्येत बरी ना? त्याला काय सांगू?

वाचलंस छान. फ्रान्समधल्या त्या लिऑन शहराच्या दप्तरखान्यात तुला सापडलेले ते पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे अर्ज, रेशीम विणणारी माणसं, निम्म्यांना सही येत नाही, तरी कामाचा मान काय, न्याय काय, यावर ठाम बोलतात. मोठे विचार फक्त पुस्तकवाल्यांनाच सुचत नाहीत, हे तुझं म्हणणं मला लगेच पटलं. मिठागरावर मी तेच ऐकत मोठा झालो. पण पुढे तू म्हणालीस, लिहिणारा हात कुणाचाही असो, आवाज सांगणाऱ्याचाच असतो. तिथे माझे कान टवकारले.

अगं, तो हात मी होतो. तुझ्या जन्माआधीपासून. कचेरीबाहेर एक टेबल, एक छत्री, दोन पेनं. कळंबची बायजामावशी जावयाला पत्र लिहायला यायची. तोंडात नुसत्या शिव्या. मी लिहायचो, ‘आपली कृपा असावी.’ वाचून दाखवताना मात्र तिच्याच शिव्या तिला परत ऐकवायचो, की ती खूश होऊन अंगठा उठवायची. सॅन्टनकाका आखातातल्या मुलाला सांगायचे, घर खायला उठतं रे. मी लिहायचो, इकडे सर्व क्षेम. रडकं पत्र कोण वाचणार? बायजामावशीची लेक परत नांदायला गेली. लोक म्हणायला लागले, जयवंताच्या हाताला यश आहे. मलाही तसंच वाटायला लागलं. त्याच यशावर टेबलाचं ऑफिस झालं, तुझं पुण्याचं कॉलेज झालं. तेव्हा त्या अर्जांत कुठे ‘विनम्र’, ‘कृपाळू’ दिसलं की जरा थांबत जा. खाली शिव्या असतील.

आता आईचं. प्रस्तावनेत तू तिचं शेवटचं पत्र घातलंयस. घशाच्या ऑपरेशननंतर तिची नुसती कुजबुज उरली होती. फोनचा उपयोग नव्हता, आणि ती कुजबुज माझ्याशिवाय कुणाच्या कानाला लागायची नाही. ती सांगायची, मी लिहायचो. ‘इकडची काळजी करू नकोस. परीक्षा दे, मगच ये.’ तू परीक्षा दिलीस. आलीस तेव्हा तिचा तिसरा दिवस होता. वीस वर्षं तू ते पत्र जपलंस, आणि आता छापतेयस, एका निरक्षर बाईनेही शिक्षणाची किंमत कशी ओळखली होती याचा पुरावा म्हणून. ते वाचताना तुझा आवाज बारीक झाला. आणि मी म्हटलं, छान.

छान नाही, पोरी. पुढच्या महिन्यात ते छापायला जाईल, त्याआधी ते पत्र काढून टाक; नाहीतर ठेव आणि खाली माझं नाव घाल. ती तसं म्हणालीच नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, महिनाभर तरी काढेल, तुझे चारच पेपर राहिले होते, मी हिशेबी माणूस. पत्र बंद करण्याआधी तिलाही मी तिचेच शब्द वाचून दाखवले, बायजामावशीला दाखवायचो तसेच. तिने समाधानाने अंगठा उठवला. मग रोज, दारात रिक्षा थांबली की मान वळवायची. तिने सांगितलेलं आज एक अक्षर न बदलता लिहितोय : ‘पोरीला बोलाव. पानी पन आता तिच्याच हातचा पिईन.’

तुझाच, जसा आहे तसा,
बाबा