आता आपण साइट उघडू या

२ फेब्रुवारी, रविवार
डीनसाहेबांनी बोलावून घेतलं. ग्रंथालयातला संगणक हॉल दंतविभागाला हवा आहे, प्लास्टरचे दात ठेवायला. म्हणाले, उस्ताज हमदान, तुमच्या तासाला कोण येतं ते सांगा. मी म्हटलं, येतात. म्हणाले, एसीसाठी येतात आणि झोपतात. एप्रिलअखेरपर्यंत निवासी डॉक्टर तुमच्याकडून काही शिकतात असं दाखवा, नाहीतर किल्ली द्या.
माझा मुलगा राफे पाळण्यात होता तेव्हापासून हा हॉल मी सांभाळतो आहे. डॉक्टरला हवा तो लेख वेळेवर सापडला तर रोगी वाचतो. माझ्या मते हे काम नमाजाच्या खालोखाल येतं. डीनसाहेब स्वतः दातांचेच डॉक्टर आहेत, हे मी मनात आणणार नाही.

४ फेब्रुवारी
निरमीन काउंटरवर बसते. वय चोवीस, जीभ मोठी. म्हणाली, उस्ताज, डॉक्टर हॉलमध्ये येत नाहीत, पण फोन संडासातसुद्धा नेतात. व्हिडिओ करा, वेबवर टाका. ही कल्पना मला आधीच सुचली होती, फक्त ती आधी बोलली.
योजना: दहा व्हिडिओ. संशोधनलेख कसे शोधावेत, पायरीपायरीने. रमजानच्या आधी सगळे पूर्ण. मग कैरोच्या विद्यापीठातून बोलावणं येईल, तेव्हा जायचं की नाही ते ठरवू.
संकल्प: रोज पहाटेच्या नमाजानंतर एक तास व्हिडिओचं काम. रोज आईला फोन.

६ फेब्रुवारी
व्हिडिओ कसे करावेत याचे व्हिडिओ पाहिले. एक परदेशी मुलगा सांगतो, पहिल्या दहा सेकंदांत मुद्द्यावर या. पोराला कुणी वळण लावलेलं दिसत नाही. आमच्याकडे गाढव विकणाराही आधी तुमच्या मुलाबाळांची चौकशी करतो.
आईला फोन उद्या.

११ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग झालं. अल्लाहचं नाव घेऊन सुरुवात केली. मग डीनसाहेबांचे आभार, उपडीनांचे ज्येष्ठतेच्या क्रमाने, आणि ज्या पुण्यवान हाजींनी संगणक दान दिले त्यांचे. मग प्रेक्षकांना विचारलं, कसे आहात? तब्येत काय म्हणते? घरी सगळं ठीक? आईवडील बरे आहेत ना? प्रत्येक प्रश्नानंतर थांबलो, समोरच्याला उत्तर देता यावं म्हणून. मग म्हटलं, फार छान, अल्हमदुलिल्लाह.
निरमीनने विचारलं, मध्ये मध्ये आवाज गेलाय का? म्हटलं, ती उत्तराची जागा आहे. म्हणाली, उत्तर कोण देणार? म्हटलं, ज्याच्यावर संस्कार आहेत तो.
मध्ये अजान झाली, तेवढा वेळ थांबलो. शेवटी म्हणालो, आता आपण साइट उघडू या. तेवढ्यात वेळ संपला. फुकटच्या सोयीत पंधराच मिनिटं मिळतात. हरकत नाही. लेख शोधायची साइट दुसऱ्या भागात. पाया पक्का हवा.

१३ फेब्रुवारी
व्हिडिओ वेबवर गेला. खाली परीक्षाही जोडली. शिकवलं तेवढंच विचारावं, हा माझा नियम. म्हणून प्रश्न: डीनसाहेबांचं नाव काय? ग्रंथालय कितव्या मजल्यावर आहे? संगणक कुणी दिले? सगळी उत्तरं बरोबर आली की सर्टिफिकेट आपोआप निघतं. वर डीनसाहेबांची सही आणि सरकारी शिक्क्यावरच्या गरुडासारखा दिसणारा एक पक्षी. सहीबद्दल त्यांना सांगायचं राहिलं. चांगल्या कामात परवानगी गृहीतच असते.

१६ फेब्रुवारी
नऊ वेळा पाहिला गेला. त्यातल्या सहा वेळा मी. निरमीन म्हणते, डॉक्टर दुप्पट वेगाने पाहतात. मीही तसा पाहून बघितला. मासे विकणाऱ्याचा आवाज येतो, आणि डीनसाहेबांचं नाव अपमान केल्यासारखं ऐकू येतं.
आईचा फोन बटणांचा, त्यावर व्हिडिओ दिसत नाही. तिच्या दारासमोर बुलबुल न्हाव्याचं दुकान आहे. त्याचं खरं नाव मला ठाऊक नाही; आमच्या गावात कुणाचंच ठाऊक नसतं. त्याच्या फोनवर लिंक पाठवली. म्हटलं, आईला एकदा दाखव, तिला बरं वाटेल. म्हणजे आजचा फोनही यातच झाला.

२ मार्च, रमजान
घसा कोरडा. रेकॉर्डिंग इफ्तारनंतर.
इफ्तारनंतर लिहितो: पोट जड. रेकॉर्डिंग उद्या.

१२ मार्च
चारशेच्या वर गेला. रोज सकाळी वाढतो, मग दुपारच्या नमाजानंतर पुन्हा. उघड आहे, डॉक्टरांच्या पाळ्या त्या वेळी बदलतात. कुणीतरी दर वेळी शेवटपर्यंत पाहतं. मी तर कधी शेवटपर्यंत पाहिला नाही.
अकरा जण परीक्षा पास. पहिले मुस्तजाब अब्दुल-जलील. नावावरूनच शल्यविशारद वाटतात. हमीदा, फौकिया वगैरे बऱ्याच स्त्रिया आहेत, प्रसूतिविभागातल्या असाव्यात. त्या विभागात शिस्त असते.
निरमीन म्हणाली, कुठून पाहतात तेही कळतं, इथे बोट ठेवा. मी ठेवलं नाही. लोकांच्या घरात डोकावू नये.
उम्म राफेला सांगितलं, तुझा नवरा शिक्षक म्हणून गाजतो आहे. ती म्हणाली, गाजून झालं की गॅसचा सिलिंडर आणा.

३० मार्च
उद्या ईद. गावी जात नाही. सुट्टीत हॉल शांत मिळेल, दुसरा भाग तेव्हाच होईल. आईला कळवायला फोन केला. मला वाटलं रडेल. म्हणाली, तुझी सोय बघ, पोरा, तू काही मला विसरलेला नाहीस, दोन वेळा विचारतोस. मला नीट कळलं नाही. आया असं काहीतरी बोलतात.

१ एप्रिल
दुसरा भाग रेकॉर्ड झाला. सलाम-चौकशी पुन्हा घेतली, कुणी नवीन असेल तर. ईदच्या शुभेच्छा वाढल्या. मग साइट उघडायला गेलो तर पासवर्डची मुदत संपलेली. तिसऱ्या भागात.

९ एप्रिल
डीनसाहेबांना सांगून आलो: दोन हजारांहून अधिक वेळा पाहिला, तीस जण पास. खुर्चीतून पुढे झुकले. म्हणाले, आपल्या डॉक्टरांनी? म्हटलं, दुसरं कोण? म्हणाले, मग मी चुकलो, हमदान. शम्म अन्-नसीमची, वसंताच्या सणाची, सुट्टी झाली की बुधवारी हॉलमध्ये स्वतः सर्टिफिकेटं देतो. सहीचा विषय निघाला. मी म्हटलं, ती आधीच झाली आहे. ते हसले. विनोद वाटला असावा.
सगळ्या पास झालेल्यांना निरोप पाठवले. हॉल वाचला. शुक्र आहे.

२० एप्रिल
निरमीनने सगळ्या वॉर्डांत विचारलं म्हणे. एकाही डॉक्टरने व्हिडिओ पाहिलेला नाही. मी समजावलं, खरा विद्यार्थी जाहिरात करत नाही. शल्यविभागात मुस्तजाब नावाचं कुणी नाही, असंही ती म्हणाली. सुट्टीवर असतील.
कोट इस्त्रीला दिला.

२३ एप्रिल, बुधवार
झालं ते जसंच्या तसं लिहितो.
डीनसाहेब आले, दोन्ही उपडीन आले. दोन निवासी डॉक्टर हॉलमध्ये आधीपासूनच होते. ते जागे झाले. बाकी खुर्च्या रिकाम्या. मी म्हटलं, ऑपरेशनं चालू असतील.
मग खाली मायक्रोबस थांबली. जिन्यात बायकांचा आवाज. आधी बुलबुल आत आला, अंगात धुतलेली पायघोळ गलाबिया, काखेत काच लावून फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. त्याचा हात धरून आई. मागे शेजारच्या हमीदा, फौकिया आणि अर्धी गल्ली, डोक्यावर फडक्यात बांधलेली, लोण्याने निथळणारी, पदर सुटलेली फतीर रोटी. चीजचं मडकंही होतं.
डीनसाहेबांनी विचारलं, मुस्तजाब अब्दुल-जलील कोण? बुलबुल पुढे झाला. कोणता विभाग? बुलबुल म्हणाला, विभाग स्वतःचा आहे, पाशा, मशिदीसमोर. केस आणि दाढी. बाप होता तोवर सुंताही करायचो, आता सरकार करू देत नाही. हे सर्टिफिकेट दुकानात लावल्यापासून लोक पुन्हा विचारायला लागलेत.
एक उपडीन खिडकीकडे वळले.
डीनसाहेब हळू आवाजात म्हणाले, आणि तुम्ही काय शिकलात? बुलबुल म्हणाला, सगळ्यात आधी तुमचं शुभनाव, पहिलाच प्रश्न तो होता. मग उस्ताज हमदान बरे आहेत हे कळतं. रोज म्हणतात, आता साइट उघडू या. अल्लाहने मनावर घेतलं तर उघडेलही एखाद्या दिवशी.
निरमीन टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकली. बराच वेळ शोधत होती.
मग आई. डीनसाहेबांचा हात हातात घेऊन म्हणाली, अल्लाह तुला सुखात ठेवो, बाळा. हा महिनोन्महिने फोन करत नव्हता. तू याला हे काम लावलंस तेव्हापासून सकाळी विचारतो, दुपारी विचारतो, कशी आहेस, तब्येत काय म्हणते. आणि नुसतं विचारून पळत नाही, मी बोलेपर्यंत थांबतो. बुलबुल दुकान उघडतो की मी जाऊन बसते. गल्लीतल्या सगळ्याजणी येतात, मग घरी जाऊन आपापल्या फोनवर पुन्हा लावतात; ज्यांची पोरं कुवेतला आहेत त्या तर आधी येतात. एवढंच, की गुडघा दुखतो म्हटलं की हा म्हणतो, फार छान. मी मनावर घेत नाही. त्याच्या डोक्यात कामं असतात.
डीनसाहेबांनी आईला खुर्चीवर बसवलं. विचारलं, कोणता गुडघा? तिने दाखवला. जागे झालेल्या डॉक्टरांपैकी एक निघाला हाडांचा. त्याने तिथेच तपासला. फतीर सगळ्यांनी खाल्ली, डीनसाहेबांनी दोनदा. जाताना दारात मला म्हणाले, किल्ली रविवारी. आणि ती सही काढून टाका.
तरी निवासी डॉक्टर आणि ग्रंथालय यांचा संबंध प्रस्थापित झाला, याची नोंद कुणीतरी घ्यायला हवी होती.

२७ एप्रिल
किल्ली दिली. दात आले, खोक्यांतून. सगळे हसतात.
माझं टेबल जिन्याजवळ लावलं आहे. उजेड बरा आहे. बुलबुलला फोन करून सर्टिफिकेट उतरवायला सांगितलं. म्हणाला, उतरवतो, पण भिंतीवर तिथे डाग दिसेल, दुसरं काही आहे का?

३० एप्रिल
त्या परदेशी मुलाचं ऐकून पाहिलं. निरमीनने फोन धरला. सलाम नाही, आभार नाहीत, चौकशी नाही. थेट साइट. साइट उघडली. लेख कसा शोधायचा ते तीन मिनिटांत सांगून झालं. निरमीनने फोन खाली केला. मग म्हणाली, उस्ताज, हे तुम्हाला येत होतं? दुपारी वेबवर जुन्याच्या जागी टाकला. आता दहा व्हिडिओ मे महिन्यात सहज होतील, आणि डीनसाहेबांना हॉल परत द्यावाच लागेल.
तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर पाहिलं. पाहणारे: एक.
तेवढ्यात बुलबुलच्या नंबरवरून फोन. आई होती. म्हणाली, काय झालं, पोरा, माझ्यावर रागावलास? आज काही विचारलंच नाहीस. आलास, भराभर काहीतरी बोललास आणि गेलास. बायका उठून गेल्या.
मी विचारलं, गुडघा कसा आहे? आणि थांबलो.
उत्तर पंधरा मिनिटांहून मोठं होतं.
शुक्रवारी गावी जातो आहे. प्रेक्षकांना अधूनमधून प्रत्यक्ष भेटावं, असं तो परदेशी मुलगाही सांगतो.