परीक्षक क्रमांक दोन

प्रिय बुटके,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला त्याला कारण आहे, पण ते एका दमात सांगता येण्यासारखं नाही. दमच उरलेला नाही म्हण हवं तर. तू लिहिलंस की पुढच्या अंकापासून जर्नलच्या सल्लागार मंडळावर ह्यांचं नाव घालायचं ठरलंय, सरांनी फक्त होकार कळवावा. पाकिटावर नाव ह्यांचंच होतं, पण ह्यांची पाकिटं हल्ली मीच फोडते.

तुला कधी सांगितलं नाही ते आधी सांगते. ह्यांना विस्मरणाचा आजार आहे. पाच वर्षं होतील. सुरुवातीला नावं जायची, मग रस्ते जायला लागले. एकदा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात सापडले. दुकानदाराला बुरशीचे प्रकार समजावून सांगत होते आणि तो बिचारा मान डोलावत होता. तेव्हापासून दाराला अगदी वर कडी बसवून घेतली. ह्यांना वर बघायचं सुचत नाही आणि माझा हात आरामात पोचतो. जिच्यावरून जन्मभर चिडवलंस ती उंची अशी कामाला आली बघ. मुलगी फोन करते, दर वेळी विचारते, आई, तू जेवलीस का. मी हो म्हणते. आजाराचं कोणाला कळू देऊ नकोस, असं ह्यांनीच बरे असताना मला बजावलं होतं. मी ते पाळलं, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

एका मायक्रोस्कोपवर आपण दोघींनी काम केलं. पानावरचे डाग बघायला तू स्टुलावर चढायचीस आणि मी कमरेत वाकायचे. तू पुढे गेलीस, जर्नलची संपादक झालीस. माझं लग्न झालं, मुलगी झाली, प्रबंध अर्धा राहिला. कोणी अडवलं असं नाही, नुसतं राहून गेलं. पण छापण्याआधी ह्यांच्याकडे तपासायला येणारे संशोधनाचे पेपर मी वाचायचे. आधी आकडे ताडून द्यायचे, मग टिपणं काढायला लागले, मग हेच म्हणायला लागले की तूच लिहून टाक, मी नजर टाकतो. पुढे नजर टाकणारंही कोणी उरलं नाही. तुझ्याकडून पेपर मात्र येत राहिले. पहिल्याच वेळी नाही म्हणायला हवं होतं, ते न करता मी पेपर उघडून बसले. अंघोळ घालणं, गोळ्या देणं, चादरी बदलणं ह्यातून दिवसाचे दोन तास मला कोणीतरी प्रश्न विचारत होतं आणि मला उत्तर येत होतं. खाली नाव ह्यांचं जायचं. लेखकांना तेही दिसत नव्हतं, त्यांना दिसायचं फक्त 'परीक्षक क्रमांक दोन'. गेल्या वर्षी तू कळवलंस की सरांइतकं बारकाईनं कोणी वाचत नाही. ते पत्र मी चार वेळा वाचलं. लाज वाटायला हवी होती आणि मला आनंद झाला. हे तुलाच सांगू शकते.

आता त्या बियाण्यातून पसरणाऱ्या करपा रोगाच्या पेपरबद्दल. लिहिणारी मुलगी नवीन, पत्ता कुठल्याशा लहान कॉलेजचा. तुझ्या ऑफिसची दोन स्मरणपत्रं येऊन गेली होती. त्या दिवशी हे अंघोळीला तयार होईनात, झटापटीत माझं मनगट सुजलं. दुपारी ह्यांचा डोळा लागल्यावर तासाभरात मी अहवाल उरकला. तुलनेसाठी निरोगी रोपं ठेवलेलीच नाहीत, तेव्हा निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही, छापू नये, असं लिहिलं. आणि ह्याच पत्रात शेवटी तू सहज म्हणून लिहिलंस, त्या मुलीनं तक्रार केली होती, परीक्षणात चूक आहे म्हणे. तू तिला सरळ नकार कळवलास, सरांच्या वाचनात चूक कशी असेल म्हणून. ते वाचून मी पेपर बाहेर काढला. पाठपोट छापलेला होता. शेवटचा कागद मी उलटलाच नव्हता. मागे बाराव्या पानावर तक्ता आहे आणि त्यात चाळीस निरोगी रोपं आहेत, रोजच्या नोंदींसकट. काम स्वच्छ आहे गं. आपल्या वेळी आपल्याला असं जमलं नसतं.

चूक माझी, आणि दुसऱ्याच्या नावाआडून केलेली, म्हणून दुप्पट. पण रागावू नकोस, तक्रार आल्यावर ते पान तूही उघडून बघायला हवं होतंस. दोन मिनिटांचं काम होतं. तू फक्त नाव बघितलंस. पहिल्या परीक्षकानं छापा म्हटलं असणार, असाही मला संशय आहे.

तरीही हे पत्र मी लिहिणार नव्हते. सरांची प्रकृती बरी नसते, मंडळावर येणं जमणार नाही, असं दोन ओळींचं उत्तर तयार करून ठेवलं होतं. ते पाठवलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. काल सकाळी ह्यांचे केस विंचरताना मी सगळं बोलून टाकलं, भिंतीशी बोलावं तसं. हल्ली हे मला ऑफिसातली कोणी समजतात, अहोजाहो करतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मग त्या मुलीला कळवलंत का?" मी नाही म्हटलं. तर भांग अर्धा तसाच ठेवून उठले आणि टेबलापाशी माझ्यासाठी खुर्ची ओढली. तेव्हा आता तू त्या मुलीला कळव. परीक्षकानं पान उलटलं नव्हतं असं स्पष्ट लिही आणि माझं नाव लिही, ह्यांचं नको. पेपर दुसऱ्या दोघांकडे पाठव. मी आधी तपासलेले सगळे पुन्हा बघायला लागतील, त्यांची यादी सोबत जोडली आहे. आणि ह्यापुढे ह्या पत्त्यावर पेपर पाठवू नकोस.

अजून मैत्रीण म्हणणार असशील तर, तुझीच
जिराफ