बाबांची लोखंडी शिडी

बाबा, तुमची लोखंडी शिडी काल भंगारवाल्याने नेली. अयोध्या नगरच्या या घरात ती ठेवायला जागा नाही, असं मी मुलाला सांगितलं. खरं तर जागा आहे.

नौदल सोडून तुम्ही इथल्या सरकारी कारखान्यात अधिकारी म्हणून आलात. तिथूनही निवृत्त झाल्यावर आमदारकीला उभं राहायचं खूळ तुमच्या डोक्यात शिरलं. आई म्हणाली, "समुद्रात बुडाला नाहीत, आता इथे बुडा." झालंही तसंच, डिपॉझिट गेलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही टाउनशिपभर लावलेले स्वतःचेच कापडी फलक उतरवायला निघालात. डेक साफ केल्याशिवाय जहाज सोडायचं नाही, हा तुमचा हट्ट. मला शिडीच्या पायथ्याशी उभं केलंत. "दुसरा माणूस येऊन धरेपर्यंत हात सोडायचा नाही," म्हणालात. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

शेवटचा फलक कारखान्याच्या गेटसमोर. तुम्ही वर चढून तुमचीच नाविकी गाठ सोडवताय, आणि शिफ्ट सुटल्याचा भोंगा होतो. सायकलींचा लोंढा बाहेर येतो. कुणीतरी विचारतं, "क्यों कप्तान साहब, जहाज़ डूब गया क्या?" सगळे हसतात, तुम्हीही वरून हात करता. त्या घोळक्यात मला माझ्या मैत्रिणीचे वडील दिसतात. मी शिडी सोडून पानाच्या टपरीमागे जाते. मागे धप्प आवाज झाला आणि हसणं थांबलं.

हॉस्पिटलात आईने विचारलं तेव्हा माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "हिने धरली होती गं. जमीन ओली होती, घसरली." मोडलेला खुबा जुळलाच नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात, पाठीला जखमा झाल्या. त्या मी रोज धुवायचे आणि रोज ठरवायचे, आज बोलायचं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. त्याचा मला राग यायचा, अजूनही येतो. उन्हाळा संपायच्या आत तुम्ही गेलात.

हा कागद तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. पण तो फोटो आता मुलगा पुसतो, त्यामुळे फाडून टाकीन. काल शिडी उचलताना त्याने विचारलं, "आजोबा हिच्यावरूनच पडले ना?" मी म्हणाले, हो, जमीन ओली होती.

जमीन कोरडी होती, बाबा.